फिल्टरचे तोंड झाका, मगच गोगलगाय सोडा

घरातल्या फिशटँकमध्ये आता माशांच्या जोडीला गोगलगायीही दिसू लागल्या आहेत. काचेवरचे शेवाळ त्या खातात, तळाला उरलेले खाद्य संपवतात, आणि लहान मुले माशांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त वेळ बघत बसतात. पण त्या पाळणाऱ्यांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. सकाळी फिल्टरच्या जाळीला गोगलगाय चिकटलेली होती, हलत नव्हती. फिल्टरने ओढून मारली का? मग घाईने उपाय होतात. कुणी रात्री फिल्टर बंद ठेवू लागते, कुणी तो काढूनच टाकते, कुणी त्याच्या तोंडावर हाताला येईल ती जाळी गुंडाळते. यांतला प्रत्येक उपाय गोगलगायीला उघड्या फिल्टरइतकाच, कधी त्याहूनही जास्त घातक ठरू शकतो.

बार्शीत यात आणखी तीन गोष्टींची भर पडते: उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान, अधूनमधून जाणारी लाइट आणि तऱ्हेतऱ्हेचे पाणी. कुणाकडे उजनीवरून येणारे नळाचे, कुणाकडे बोअरचे, तर कुणी आरओच्या जारचे पाणी टाकीत घालते. एसी असलेल्या शहरी फ्लॅटसाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. म्हणून हे मार्गदर्शन इथल्या घरांचा विचार करून दिले आहे.

फिल्टरने मारली, की मेल्यावर फिल्टरला लागली?

धडधाकट मोठी गोगलगाय घरगुती फिल्टरच्या ओढीने सहसा खेचली जात नाही. तिच्या पायाची पकड मजबूत असते. जाळीवर चढली तरी तिथला गाळ खाऊन ती आपली आपण खाली उतरते, त्यामुळे फिल्टरवर फिरणारी गोगलगाय दिसली म्हणून घाबरू नका. पकड सुटते ती आजारी, उपाशी किंवा खराब पाण्याने निपचित झालेल्या गोगलगायीची. ती वाहत जाते आणि पाणी जिथे ओढले जाते तिथेच, म्हणजे फिल्टरच्या तोंडाशी, येऊन थांबते. मोठी गोगलगाय तिथे मेलेली सापडली तर पहिला संशय पाण्यावर घ्या, फिल्टरवर नंतर.

निवाडा करण्यासाठी एवढे बघा:

- शंख शाबूत आहे का? कड तुटलेली, ताजा तडा गेलेला, शिंग किंवा श्वासनळी फाटलेली असेल तर फिल्टरचा दोष असू शकतो. अंगावर काहीच इजा नसेल तर कारण बहुधा पाण्यात आहे.
- गेल्या आठवड्यात टाकीत औषध, मीठ किंवा नळाचे ताजे पाणी थेट घातले होते का?
- अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य हवेत. तपासणीची किट अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते.
- ती खरोखर मेली आहे का? झाकण घट्ट मिटून पडलेली गोगलगाय अनेकदा जिवंत असते, आणि पाण्यावर तरंगणारी अ‍ॅपल स्नेल जातीची गोगलगायही केवळ आत हवा धरून बसलेली असू शकते. वाडग्यात टाकीचेच थोडे पाणी घेऊन तिला दिवसभर वेगळे ठेवा. मेलेली असेल तर असह्य दुर्गंधी लगेच सांगते, झाकण सैल लोंबते. मेलेली गोगलगाय टाकीत ठेवू नका. ती झपाट्याने सडते आणि पाणी बिघडवते.

फिल्टर खरोखर जिवावर उठतो तो पिल्लांच्या. शिवाय बंद फिल्टरच्या तोंडात शिरून बसलेल्या गोगलगायीच्या, तो पुन्हा सुरू होतो त्या क्षणी. आणि अ‍ॅपल स्नेलसारख्या लांब अवयवांच्या जातींना जाळीच्या फटींत शिंग किंवा श्वासनळी ओढली जाऊन इजा होते. या तिन्ही धोक्यांवर एकच मोठा उपाय आहे: पाणी आत ओढणारे तोंड झाकणे. बाकी सगळे त्याला पूरक.

तुमच्या टाकीत कोणती आहे?

दुकानात नावे सरसकट सांगितली जातात, पण काळजी जातीप्रमाणे बदलते.

- अ‍ॅपल किंवा मिस्टरी स्नेल: सोनेरी, निळसर, पांढरी, लिंबाएवढी होते. पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत श्वासनळी उंचावून हवा घेते. हिची श्वासनळी आणि लांब शिंगे फटींत अडकतात. अंडी पाण्याबाहेर, काचेवर किंवा फिल्टरच्या बाहेरच्या अंगावर, गुलाबीसर पुंजक्यात घालते.
- नेराइट: पट्टेरी, लहान, शेवाळ साफ करण्यात सर्वांत चांगली. पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी घालते, पण गोड्या पाण्यात तिची पिल्ले जगत नाहीत. म्हणजे पिल्लांची चिंता नाही.
- रॅम्सहॉर्न: चपट्या गुंडाळीच्या शंखाची. भराभर वाढते, पिल्ले अगदी बारीक.
- मलेशियन ट्रम्पेट: लांबट, टोकदार शंखाची. दिवसा वाळूत, रात्री बाहेर. अंडी न घालता थेट पिल्ले देते. फिल्टरच्या पंख्यात सापडणारे शंख बहुतेक वेळा हिचेच. भरदिवसा या सगळ्या काचेवर चढलेल्या दिसल्या तर पाणी लगेच तपासा.

ओढ्यातून, गावतळ्यातून गोगलगाय धरून आणून टाकीत सोडू नका. गोड्या पाण्यातल्या काही जातींच्या शरीरात जनावरांना बाधणारे कृमी वाढतात, आणि ते पाण्यात उतरले तर त्यात हात घालणाऱ्याच्या कातडीला खाज सुटू शकते.

कोणता फिल्टर घ्यावा

गोगलगायींसाठी माझी पहिली पसंती स्पंज फिल्टरला आहे, आणि बार्शीसाठी तर निःसंकोच. हवेच्या मोटरवर चालणारा हा साधा फिल्टर; पाणी स्पंजच्या सगळ्या अंगातून सावकाश ओढले जाते. ओढणारी उघडी फट नाही, पाण्यात फिरणारा पंखा नाही. पिल्लेही त्याच स्पंजवर चरतात. मोटर थोडीच वीज घेते, त्यामुळे इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर ती बराच वेळ चालते. साधारण दीड-दोन फुटांच्या टाकीला, मासे कमी असतील तर, तेवढा फिल्टर पुरतो.

तुमच्याकडे दुसरा फिल्टर आधीच असेल तर तो फेकायची गरज नाही. फक्त त्याचा धोका कुठे आहे ते ओळखा.

*पाण्यात बुडवायचा पॉवर फिल्टर* आपल्याकडे सर्वांत जास्त विकला जातो. त्याच्या खालच्या डब्याच्या फटी पिल्लांना सहज आत घेतात. आत स्पंज असतो म्हणून बरेचदा ती पंख्यापर्यंत पोचत नाहीत, पण डब्यात कोंडली जातात आणि साफसफाईत पिळली जातात.

*काचेला अडकवायचा हँगिंग फिल्टर* आणि *टॉप फिल्टर* यांत पाणी ओढणारे तोंड उघडे असते आणि पंखा त्याच वाटेवर. हँगिंग फिल्टरमध्ये आणखी एक वाट आहे: पाणी जिथून धबधब्यासारखे पडते त्या ओठावरून गोगलगायी वर चढतात आणि फिल्टरच्या पेटीत राहायला जातात. तिथे त्यांचे बरे चाललेले असते. कार्ट्रिज बदलताना त्यासोबत कचऱ्यात जातात, हा खरा धोका.

*कॅनिस्टर* मोठ्या टाकीला उत्तम, पण नळीतून आत गेलेली ट्रम्पेटची पिल्ले तिथे गाळ खाऊन मोठी होतात आणि एक दिवस पंखा अडवतात. फिल्टर खडखडू लागला तर तो तसाच चालवू नका. मोटर तापते, पंख्याची दांडी मोडते.

*खडीखालच्या अंडरग्रॅव्हल फिल्टरचा* मात्र मी गोगलगायींसाठी सल्ला देणार नाही. पिल्ले त्याच्या प्लेटखाली शिरतात, तिथे काय चालले आहे ते दिसत नाही, आणि लाइट बराच वेळ गेली की प्लेटखालचा ऑक्सिजन सर्वांत आधी संपतो.

तोंड कसे झाकावे

यासाठी लागतो जाड छिद्रांचा, मधे भोक असलेला स्पंज. दुकानात प्री-फिल्टर स्पंज म्हणून मागा. बार्शीत न मिळाल्यास सोलापूर किंवा पुण्याहून येणाऱ्या कुणाकडून मागवा, नाहीतर ऑनलाइन घ्या. ही महाग वस्तू नाही. घेण्यापूर्वी पाणी ओढणाऱ्या नळीचा व्यास मोजून ठेवा.

१. फिल्टरचे बटण बंद करा आणि प्लग काढा.

२. नवा स्पंज साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. साबण, डिटर्जंट अजिबात नको.

३. स्पंज नळीवर पूर्ण चढवा. एकही फट वर उघडी राहता कामा नये, आणि खालचे टोक बंद असले पाहिजे. सैल बसत असेल तर प्लॅस्टिकच्या झिप टायने आवळा.

४. फिल्टर सुरू करून पाण्याचा जोर बघा. आधीपेक्षा निम्म्याहून कमी झाला असेल तर स्पंजची छिद्रे फार बारीक आहेत. जाड छिद्रांचा आणा. पाणी मिळत नसलेली मोटर तापते आणि जळते.

५. पुढे आठवड्यातून एकदा स्पंज धुवा. टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधले उपयोगी जिवाणू मरतात, आणि अमोनिया पचवण्याचे काम तेच करत असतात.

स्पंज धुताना लगेच पिळू नका. आधी बादलीतल्या टाकीच्या पाण्यात तो हलकेच हलवा, थोडा वेळ तसाच राहू द्या, मग बादलीच्या तळाशी आणि स्पंजच्या अंगावर बारीक शंख शोधा. डोळ्यांना नीट दिसत नसतील तर मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. सापडलेली पिल्ले टाकीत परत सोडली की मग पिळा.

स्पंज मिळेपर्यंत काय? नायलॉनच्या मच्छरदाणीचा धुतलेला, रंग न जाणारा तुकडा दुहेरी करून बांधता येतो. तो लवकर तुंबतो, म्हणून रोज बघावा लागतो. आठवडाभराची सोय म्हणून ठीक आहे. कायमचा पर्याय हवा असेल तर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी चालते. पण या वस्तू वापरू नका:

- तांब्या-पितळेची जाळी किंवा तार. पितळेतही तांबे असते, आणि तांबे गोगलगायींना विष आहे.
- खिडकीची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा बांधायची लोखंडी तार.
- भांडी घासायचा स्पंज. त्यात जंतुनाशक घातलेले असू शकते.
- गादीचा फोम. तो गाळाने बंद होतो आणि त्यावर कोणती रसायने आहेत ते कळायला मार्ग नसतो.

अ‍ॅपल स्नेलने अंडी घातलेली दिसली की तारीख लिहून ठेवा. साधारण दोन-तीन आठवड्यांत पिल्ले पाण्यात पडतात, आणि ती दोन-तीन मिलिमीटरची असतात. त्या तारखेआधी तोंड झाकलेले असलेच पाहिजे. पिल्ले नको असतील तर पुंजका सुरुवातीलाच खरवडून काढा आणि फ्रीझरमध्ये गोठवून मगच कचऱ्यात टाका.

लाइट गेली की, आणि आल्यावर तर अधिकच

फिल्टर थांबला की ओढ संपते, आणि गाळ साठलेले तोंड ही गोगलगायींसाठी जेवणाची जागा होते. एखादी आतही शिरते. घरात कुणी नसताना लाइट येते, पंखा एकदम फिरतो आणि इजा होते. म्हणून तोंड न झाकता फिल्टर चालवणे बार्शीत कुणालाच परवडणारे नाही.

घरी असाल तर लाइट गेल्यावर फिल्टरचे बटण बंद करून ठेवा. लाइट आल्यावर आधी तोंडापाशी बघा, कुणी असेल तर हलकेच बाजूला करा, मग बटण सुरू करा.

लाइट चार-पाच तासांहून जास्त गेली असेल तर आणखी एक पायरी लागते. कॅनिस्टर किंवा हँगिंग फिल्टरच्या बंद डब्यात पाणी साचून राहिल्याने आतले जिवाणू मरू लागतात. तो तसाच सुरू केला तर ते सडके पाणी थेट टाकीत येते. आधी डबा रिकामा करा, आतला स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मग सुरू करा. स्पंज फिल्टर उघड्या पाण्यात असल्याने त्याला हा त्रास फारच कमी होतो.

हवेच्या मोटरबाबत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मोटर टाकीच्या पाण्यापेक्षा खाली ठेवली असेल तर लाइट जाताच पाणी नळीतून उलटे मोटरमध्ये येऊ शकते. मोटर पाण्याच्या पातळीपेक्षा वर, भिंतीला अडकवून ठेवा, किंवा नळीत उलटे पाणी रोखणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. तो काही रुपयांतच मिळतो, पण बसवताना दिशा बघा. उलटा बसवला तर हवाच येणार नाही.

आणि रात्री फिल्टर बंद ठेवायची सवय कृपा करून सोडा. आवाज नको, बिल नको, ‘मासे झोपतात’ अशी कारणे दिली जातात. बिलाचा हिशेब करून बघा: १० वॅटचा फिल्टर चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे ७ युनिट होतात, ३ वॅटची हवेची मोटर दोन युनिटांच्या आसपास. त्या वाचवलेल्या युनिटांच्या बदल्यात रात्रभर पाण्यात नवी हवा मिसळत नाही, जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, नेमक्या रात्रीच बाहेर पडणाऱ्या ट्रम्पेट गोगलगायी थांबलेल्या तोंडात शिरतात, आणि सकाळी आपण बटण दाबतो. आवाजाचा त्रास असेल तर मोटरखाली जाड रबर किंवा घडी घातलेले फडके ठेवा.

उन्हाळ्यात

कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांवर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांवर साडेसात. वर टाकी तापली, त्यात फिल्टर थांबला, तर नेराइट आणि ट्रम्पेट आधी गळतात. अ‍ॅपल स्नेल वरची हवा घेऊ शकते म्हणून थोडी टिकते, पण त्यासाठी पाणी आणि झाकण यांच्यात दोन-तीन इंच जागा मोकळी हवी.

बार्शीची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्याचा फायदा घ्या. झाकणाऐवजी जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ थेट टाकू नका. घट्ट बंद केलेली गोठवलेली बाटली तरंगत ठेवली तर चालते, पण तापमान सावकाश उतरू द्या.

पंख्याने पाणी लवकर आटते. पातळी खाली गेली की हँगिंग फिल्टर हवा ओढतो, कोरडा फिरतो आणि बंद पडतो. एप्रिल-मेमध्ये पातळी रोज बघा. झाकणातल्या वायर-नळीच्या फटीही बुजवा. पाणी आवडेनासे झाले की गोगलगायी हवेच्या नळीवरून चढून बाहेर पडतात आणि फरशीवर वाळून मरतात.

गोगलगाय अडकलीच तर

- प्लग काढा. चालू फिल्टरवरून तिला ओढू नका.
- काही मिनिटे थांबा. ओढ संपली की बहुतेकदा ती आपोआप सुटते.
- सुटली नाही तर शंख धरून सरळ वर खेचू नका. शंखाच्या आतला स्नायू फाटला की ती वाचत नाही. बोटाने हळूच बाजूला सरकवा, किंवा फिल्टरचा डबा उघडून आतून वाट मोकळी करा.
- जखमी गोगलगायीला टाकीतच छोट्या जाळीच्या पेटीत वेगळे ठेवा. मीठ, हळद, माशांचे औषध, काहीही लावू नका. स्वच्छ पाणी आणि उकडलेल्या दोडक्याची मऊ फोड किंवा पालकाचे उकडलेले पान पुरे.

अ‍ॅपल स्नेलचे तुटलेले शिंग पुन्हा उगवते, त्यासाठी काही आठवडे धीर धरा. शंखाची बाहेरची कड मोडली असेल तर चुना मिळाल्यावर ती भरून येते. मात्र अंगावरचा शंख फुटून आतले मांस उघडे पडले असेल तर वाचण्याची आशा फार कमी असते.

मोरचूद, मीठ आणि बिनलेबलची बाटली

फिल्टरपेक्षा जास्त गोगलगायी औषधांनी मरतात, असे मला ठामपणे वाटते. माशांच्या अनेक औषधांत कॉपर सल्फेट, म्हणजे आपले मोरचूद, असते. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ते औषध गोगलगाय असलेल्या टाकीत घालू नका, दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी. माशांना उपचार लागला तर आजारी मासे बादलीत वेगळे काढा आणि औषध तिथे द्या. टाकीत औषध घालून झालेच असेल तर फिल्टरचा स्पंज आणि खडी यांत तांबे धरून राहते. नुसते पाणी बदलून ते निघत नाही.

बार्शी तालुक्यात द्राक्षबागा असलेल्या घरांनी इथे विशेष जपावे. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद कालवलेली बादली, मग, काठी टाकीच्या कामाला कधीच वापरू नका, कितीही धुतली तरी. फवारणी करून आल्यावर हात साबणाने धुवून, भरपूर पाण्याने खळाळूनच टाकीत घाला. तसेच २०२२ च्या खरिपात लातूर, धाराशिव, बीड भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीन खाल्ल्यानंतर गोगलगायनाशक गोळ्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या घरी आल्या आहेत. त्या फिशटँकच्या खोलीतही ठेवू नका. घरातल्या पाण्यातल्या गोगलगायी त्या पिकावरच्या नव्हेत, हेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगा. भीतीने कुणीतरी टाकीत गोळी टाकल्यास मासेही जाऊ शकतात.

माशांच्या टाकीत मीठ घालायची पद्धत आहे. गोगलगायी असतील तर तीही थांबवा.

पाणी कोणते घालावे

शंखासाठी पाणी थोडे जड आणि पीएच सातच्या वर हवा. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी सहसा जड असते, त्यामुळे ते गोगलगायींना मानवते. फक्त ते वापरण्याआधी काही तास हवा सोडून ठेवा. नळाचे पाणी उघड्या बादलीत किमान २४ तास ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब घाला. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, त्या दिवसांत थेंब घालायचे विसरू नका. नुसते आरओचे पाणी मात्र नको. त्यातला चुना निघून गेलेला असतो आणि शंखावर पांढरे खड्डे पडतात. असे खड्डे दिसले तर आयुर्वेदिक जडीबुटीच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेनाचा तुकडा टाकीत ठेवा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

विजेची दक्षता

- टाकीत हात घालण्यापूर्वी फिल्टर, दिवा, हीटर सगळ्यांचे प्लग काढा.
- वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल.
- गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी घरात नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.
- हीटरची गरज बार्शीत थंडीतल्या काही रात्रींपुरतीच. गोगलगाय हीटरला चिकटून भाजते. तो वापरलाच तर प्लॅस्टिकचे जाळीदार आवरण घाला.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

फिल्टर घेताना पक्के बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, ती परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असायला हवा. हा तपशील नसलेला फिल्टर घेऊ नका.

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूबद्दल त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तुमची तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. जिवंत गोगलगायी कुरिअरने मागवताना मेलेल्या आल्यास काय, ही अट आधी वाचा. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ अनेक विक्रेते मागतात, म्हणून तो काढून ठेवा.

दाद मिळाली नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी तेवढे बरेचदा पुरते. त्यानेही न भागल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरला, ती दाखल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. फिल्टर तुम्ही उघडला, त्यात बदल केला, असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून बाहेरून चढवायचा स्पंजच वापरा, मूळ जाळी कापू नका.

गोगलगायी फार झाल्या तर

रॅम्सहॉर्न आणि ट्रम्पेट भरमसाट वाढल्या तर फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबतो. कारण जवळजवळ नेहमी एकच: खाद्य जास्त पडते आहे. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढेच घाला. संध्याकाळी काकडीची किंवा दुधीची फोड वाटीत ठेवून ती तळाशी सोडा. सकाळी त्यावर जमलेल्या गोगलगायी वाटीसकट बाहेर काढता येतात.

काढलेल्या गोगलगायी दुसऱ्या हौशी पाळणाऱ्याला द्या किंवा दुकानदाराला विचारा. भोगावती नदीत, ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात त्या सोडू नका, गटारातही ओतू नका. दक्षिण अमेरिकेतली सोनेरी अ‍ॅपल स्नेल माणसांनीच आग्नेय आशियात नेली आणि तिथल्या भातशेतीचे अतोनात नुकसान झाले. टाकीतून बाहेर गेलेला सकर मासा आज आपल्या देशातल्या अनेक जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. घेणारे कुणीच मिळाले नाही तर त्या थोड्या पाण्यासह पिशवीत घालून फ्रीझरमध्ये चोवीस तास ठेवा आणि मग बागेत खोल पुरा. बदललेले पाणीही झाडांच्या आळ्यात, कोरड्या मातीवरच ओता, म्हणजे त्यातून गेलेले एखादे पिल्लू वाहत्या पाण्यापर्यंत पोचणार नाही.